शुक्रवारचा कंदील

माझं माहेर खाडीकडचं, डोलवीच्या पलीकडं, जिथं डांबरी रस्ता संपायचा आणि बांध सुरू व्हायचा तिथलं. गाव म्हंजे काय, मूठभर घरं, एक विहीर, ती पण निम्मी खारी. बा मिठागरावर, आय मिठागरावर, आणि आम्ही पोरं पण चालायला लागलो तशी मिठागरावरच. नाव माझं वनिता, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं, गावात मला सगळी भित्री म्हणायची, ए भित्रे इकडं ये, भित्रीला वाढा गो, अशी, आणि मी पण ओ द्यायची. आता तुम्ही विचारलंत ना की माणूस अंधाराला का भितो, तर ह्या प्रश्नाला रोहा तालुक्यात माझ्याएवढी जाणती बाई तुम्हाला मिळायची नाय. मी अंधाराला भिऊन लगीन केलं, अंधाराला भिऊन माणूस जोडलं, आणि भीती गेली तेव्हा ती परत मिळावी म्हणून एसटीचं तिकीट काढून माहेरी गेले. हसू नका, खरं सांगते.

आधी मिठागराची रीत सांगते, म्हंजे पुढचं कळेल. मीठ उन्हात पिकतं, पण भरती काय ऊन बघून येत नाय. उधाण आलं की बा आणि बाकीचे बाप्ये संध्याकाळचेच बांधावर जायचे, बांध कुठं फुटतोय का बघायला. हातात कंदील असायचा, पण खाडीचा वारा तो, कंदील कधी विझेल नेम नाय. म्हणून काय करायचे, थोडं पुढं गेलं की ओऽऽ करून हाक घालायची, आणि पुढच्या बांधावर जो असेल त्यानं ओऽऽ करून उलट हाक द्यायची. नाव नाय, गाव नाय, नुसती ओऽऽ. ओ आली म्हंजे पुढं माणूस हाय, बांध शाबूत हाय, चला. ओ नाय आली तर मग धावा.

मी लहान व्हते, पहिली-दुसरीत असेन, बाची भाकरी घेऊन बांधावर गेले आणि खेकडे बघत बसले, बसले ती बसलेच, तिन्हीसांज उलटून गेली. मान वर केली तर कुठं बांध आणि कुठं पाणी काय कळेना. मी हाक घातली, ओऽऽ. काय नाय. परत घातली. काय नाय. नंतर बा सांगत व्हता, अगो वारा उलटा व्हता, तुझी हाक माझ्याकडं आलीच नाय, मी तर त्या मिठाच्या राशीमागंच उभा. पण त्या वक्ताला मला वाटलं की जगातली सगळी माणसं संपली आणि मी एकटीच उरले. बानं येऊन उचललं तरी मी त्याच्या गळ्याची मिठी सोडेना. तिथून जी भीती बसली ती बसली.

त्यात आमची आत्या. तिला जेवणानंतर भुताखेताचं सांगितल्याशिवाय पचायचं नाय. गिऱ्हा पाण्यातनं कसा येतो, ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन कसा बोलावतो, चकवा लागला की माणूस बांधावरच कसा फिरत ऱ्हातो, आणि सांगताना स्वतःच एवढी भ्यायची की मला कुशीत ओढायची. बा बोलायचा, गिऱ्हा खाडीत नाय, माझ्या बहिणीच्या तोंडात हाय. पण मी झोपताना माझ्या वेणीचं टोक धाकट्या बहिणीच्या मनगटाला बांधून झोपायची, ती कूस वळली की माझं डोकं हलायचं आणि मला बरं वाटायचं. ती बिचारी सकाळी मला शिव्या घालायची.

लग्नाचं वय झालं. दाखवायचा कार्यक्रम पेणला मामाच्या घरी ठेवला, रामवाडीला, का, तर तिथं ट्यूबलाईट व्हती, पोरगी उजेडात बरी दिसेल. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मुलगा रोह्याचा, अष्टमीचा, धाटावला कंपनीत कामाला. पोहे झाले, नाव विचारून झालं, शिवण येतं का विचारून झालं, मग मुलाचे मामा मोठ्या मनानं बोलले की मुलीला काय विचारायचं असेल तर तिनं पण विचारावं. असं बोलायची पद्धत असते, विचारायची नसते. पण मी विचारलं. मी बोलले, घरात लाईट हाय का? आयनं पाठीमागनं असा चिमटा काढला म्हणता, अजून आठवतो. मुलगा बोलला, हाय की. माजघरात एक बल्ब, स्वयंपाकघरात एक, आणि मोरीत पण एक हाय. मोरीत पण! मी तिथंच मान डोलावली. आमचे हे आजपर्यंत सगळ्यांना सांगत फिरतात की हिनं माझ्याशी नाय, मोरीतल्या बल्बाशी लगीन लावलं. मी बोलते, त्यात काय खोटं हाय?

तर अशी मी अष्टमीला आले. रोह्यातनं पूल ओलांडला, कुंडलिका ओलांडली की अष्टमी. आमची आळी म्हंजे मशिदीची आळी, पण मुसलमानांची मशीद नव्हे, इस्रायल लोकांची, म्हंजे ज्यूंची, ते पण मशीदच म्हणतात. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, कारण पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असायचे आणि शनवारी घाणा बंद. एके काळी आळीत त्यांचीच घरं जास्त, मग एकेक करत सगळी इस्रायलला गेली. मी आले तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लावून एकच घर उरलं व्हतं, शेगुलाकाकीचं.

शेगुलाकाकी म्हंजे काय सांगू. नऊवारी नेसायची, केसांत अबोली माळायची, मराठी आपल्यासारखीच, शिव्या आपल्यापेक्षा चांगल्या. नवरा वारलेला, थोरला डॅनियल आणि मुलगी रिबेका दोघं पण तिकडं इस्रायलला. खवल्यांचा मासा खायची, पण कोळंबी, जवळा, खेकडा तिच्या धर्मात चालत नाय, आणि मी मिठागरवाली, माझ्याकडं सुक्या जवळ्याशिवाय दिवस जात नाय. जवळा भाजला की पलीकडनं भिंतीवर लाटणं आपटायची आणि वरडायची, वनिते, खिडकी लाव गो, माझा डाळभात बाटला! मग मी पण इकडनं लाटणं आपटायची. भांडण नाय व्हतं ते, आमचं बोलणं व्हतं.

लग्नाला महिना पण झाला नसेल. आमचे हे सेकंड शिफ्टला, सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, सासरे कोलाडला थोरल्या दिरांकडं, म्हंजे घरात मी आणि माझे तीन बल्ब. वळवाचा पाऊस, विजा कडकडतायत, आणि बरोब्बर दिवेलागणीला लाईट गेली. माजघर गेलं, स्वयंपाकघर गेलं, मोरी पण गेली. मला काडेपेटी सापडेना, डब्यातले तांदूळ सांडले, आणि मी तशीच अनवाणी बाहेर पडले आणि काकीच्या दारात जाऊन वरडले, काकी, दिवा लाव ना गो!

आत काळोख. काकी बाकावर बसलेली, डोक्यावरनं पदर, ओठ हलतायत. बोलली, आज नाय लावता येत. मी बोलले, का? ती बोलली, शुक्रवार हाय, दिवस मावळला, आमचा शब्बाथ लागला. आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत मी विस्तवाला हात लावायचा नाय. मावळायच्या आधी तेलाचा दिवा लावून ठेवला व्हता, पण वाऱ्यानं खिडकी उघडली आणि विझला. मी रडायच्या बेताला आले, बोलले, मग मला सांग ना, मी लावते. तर काकी बोलली, मी सांगायचं पण नाय. दुसऱ्याला सांगून माझ्यासाठी लावून घेतला तर ते मीच लावल्यासारखं.  मी तिथंच उंबऱ्यात उभी. मग काकीनं विचारलं, भ्यालीस? मी बोलले, भ्याले गो काकी, जाम भ्याले. काकीनं तोंड फिरवलं आणि भिंतीला सांगितल्यासारखी बोलली, कंदील खुंटीला असतो, काडेपेटी चुलीवरच्या फळीवर असते. मी काय कोणाला सांगत नाय. भ्यालीस तर तुझं तू बघ.

मी चाचपडत गेले, कंदील काढला, लावला. काच घातली, वात वर केली, आणि त्या उजेडात पहिल्यांदा काकीचं तोंड नीट बघितलं. काकी बोलली, तुझ्यासाठी लावलास ना? मी बोलले, माझ्यासाठीच. मग ठीक हाय, ती बोलली, तुझ्या उजेडात मी बसले तर माझा देव काय रागवायचा नाय. आणि मनुकांचं सरबत दिलं मला, त्यांच्यात शुक्रवारी त्याच्यावर प्रार्थना म्हणून पितात. मी दोन पेले प्याले. आमचे हे शिफ्टवरनं आले तेव्हा आम्ही दोघी गप्पा मारत बसलेल्या.

तिथून रीतच पडली. आमच्या आळीत शुक्रवारी लाईट जायचीच, का ते देवाला ठाऊक. लाईट गेली की मी काकीच्या उंबऱ्यात. काकी विचारणार, भ्यालीस? मी बोलणार, भ्याले. काकी बोलणार, मग तुझं तू बघ. आणि मी कंदील लावणार. एक अक्षर इकडचं तिकडं नाय. अहो, जन्मभर सगळ्यांनी ज्याच्यावरनं हसावं, ते माझं भिणं पहिल्यांदा कोणाच्या तरी कामाला आलं! दुसऱ्या कोणी शूर बाईनं तो कंदील लावला असता तर तो काकीसाठी लावला असता आणि काकीला चालला नसता. माझाच चालायचा, कारण मी खरीखुरी भित्री. आळीतल्या बायका पाण्याच्या नळावर चिडवायला लागल्या की मी बोलायची, तुमच्यासारख्या बिनभित्र्यांचा काय उपयोग गो, एक कंदील धड लावता येत नाय तुम्हाला.

एकदा मी विचारलं पण, काकी, मावळायच्या आधीच कंदील लावून का ठेवत नाय? तर काकी उसळलीच. बोलली, रॉकेल काय तुझा बा आणून देतो? रेशनचं रॉकेल, लाईट असताना जाळत बसू? आणि लाईट जाणारच असं धरून बसायचं म्हंजे देवावर भरवसा नाय असं झालं. मला पटलं. रॉकेल तेव्हा खरंच मिळत नव्हतं. देवाचं मला काय ते कळलं नाय, पण काकी बोलली म्हंजे असेल.

मग माझी प्रणाली झाली. बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत, पण मी पाचव्या महिन्यापासनं सांगून ठेवलेलं, तिकडं लाईटचे वांधे, मी नाय जायची, आयच इकडं आली. पोरगी गोरीपान, रडायला लागली की पुलापलीकडं ऐकू जाईल असा आवाज. काकी बोलली, बरं हाय, मिठागरवाल्यांच्यात ओ द्यायला एक तोंड वाढलं. आय महिन्यानं गेली. आणि एक दिवस, साधाच मंगळवार व्हता, मी पोरीला घेऊन बसले व्हते, ती पीत व्हती, मी काहीतरी गुणगुणत व्हते, आणि एकदम बल्ब लागला. डोळे दिपले. बल्ब लागला म्हंजे मगाशी गेला असणार! म्हंजे लाईट गेलेली, घर काळोखात, हे शिफ्टला, आणि मी काडेपेटी पण शोधली नाय, गुणगुणत बसले! मला कळलं की माझी भीती गेली. कधी गेली, कुठनं गेली, पत्ता नाय. एवढंसं ते पोर अंगाला चिकटून ऱ्हायलं की माणसाला स्वतःसाठी भ्यायला सवडच मिळत नसेल. असा आनंद झाला म्हणता, मी तशीच पोरीला घेऊन मोरीत गेले, बल्ब बंद केला आणि अंधारात उभी राहून हसले. वेड्यासारखी हसले.

आणि हसता हसता मला आठवलं. शुक्रवारचं काय?

कारण काकीच्या घरात तेव्हा काय चाललेलं ते सांगायला पायजे. डॅनियल मागं लागला व्हता, आयी, तू इकडं ये. पोस्टासमोरच्या फोनच्या दुकानात त्याचा फोन यायचा, काकी मला सोबत घेऊन जायची आणि त्या काचेच्या खोलीत उभी राहून सगळ्या रोह्याला ऐकू जाईल असं वरडायची. डॅनियल बोलायचा, सण कोणाबरोबर करतेस, शुक्रवारी अंधारात एकटी पडलीस-बिडलीस तर? आणि काकी दर वेळी एकच सांगायची, एकटी कुठं रे, शेजारची भित्री हाय ना. म्हंजे बघा, काकी अष्टमीला ऱ्हायली व्हती ती माझ्या भीतीच्या जोरावर. आणि आता निरोप आला व्हता की डॅनियल स्वतः येतोय, आयीला न्यायलाच येतोय.

आता तुम्ही म्हणाल, भ्याले म्हणून सांगायचं, काय जातं? पण नाय. मी चुलत जावेशी खोटं बोलेन, रेशनवाल्याशी बोलेन, आमच्या ह्यांच्याशी तर रोज बोलते. पण तो त्यांच्या देवाचा नियम. मी खोटं भ्याले सांगून कंदील लावला आणि काकी त्या उजेडात बसली, तर तिचा आयुष्यभर पाळलेला शब्बाथ मी बाटवला. जवळ्याच्या वासासाठी जी बाई भिंतीवर लाटणं आपटते तिला मी असं फसवू? आणि खरं सांगावं, तर काकी इस्रायलला गेली. मला झोप लागेना. सासरी आय नसते म्हणतात, पण मला तिथं आय व्हती, भिंतीपलीकडं.

मग मी काय ठरवलं, भीती परत आणायची. पोरीला घेतलं आणि माहेरची एसटी धरली, कोलाडवरनं जाणारी. मनात हिशेब पक्का, तिन्हीसांजेला बांधावर जायचं, जिथं पहिल्यांदा भ्याले तिथंच बसायचं, आत्याला गिऱ्ह्याचं सांगायला लावायचं, म्हंजे येईल परत. वाटेत खांब गावाशी एसटीचा टायर बसला. सगळी माणसं ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडतायत आणि मी एकटी खूश, चला, पोचेपर्यंत अंधार पडेल. वडखळला उतरले तेव्हा पडलाच व्हता. बा घ्यायला आलेला. गावाकडं वळलो आणि बघते तर काय, आभाळ तांबूस! डोलवीला मोठी कंपनी आलेली, लोखंडाची, तिचा उजेड खाडीवर, बांधावर, घरांच्या कौलांवर. मिठाच्या राशी आंब्याच्या रंगाच्या दिसत व्हत्या. मी बाला बोलले, बा, अंधार कुठं गेला? बा बोलला, कंपनी आली तसा अंधार रजेवर गेला गो.

आत्याकडं गेले. बोलले, आत्या, गिऱ्ह्याचं सांग ना, चांगलं भीती वाटेल असं. आत्या आता थकलेली, पण तोंड तसंच. बोलली, कसला गिऱ्हा आणि कसलं काय, एवढ्या उजेडात तो बाहेर कसा पडेल? मला तर वाटतं तो पण कंपनीतच लागला असेल, कॉन्ट्रॅक्टवर. हसून हसून माझं पोट दुखलं, पोरगी पण उगाच हसायला लागली, आणि भीती काय आली नाय.

सकाळी निघायच्या आधी बाच्या मागनं बांधावर गेले आणि त्याला सगळं सांगितलं, काकीचं, कंदिलाचं, डॅनियलचं. बा बांधाची माती पायानं दाबत ऐकत व्हता. मग बोलला, वनिते, मी जन्म काढला अंधारात, तुला सांगतो. माणूस काळोखाला भीत नाय. हाक घातली आणि ओ नाय आली तर, त्याला भितो. तू त्या दिवशी कशाला भ्यालीस? गिऱ्ह्याला? तुला ओ नाय मिळाली म्हणून भ्यालीस. मी बोलले, ते खरं, पण मग मी काकीला काय सांगू? बा बोलला, ते मला काय म्हाईत, मी मिठागरवाला, तुझं तू बघ. आता हा पण काकीसारखंच बोलायला लागला, म्हणून मी कपाळावर हात मारला.

डॅनियल आला. उंचापुरा, डोक्याला टक्कल, मराठी अजून अष्टमीचं, मला वहिनी वहिनी करायचा. पोरीला चॉकलेटं, आमच्या ह्यांना शर्ट, आणि आयीला एक पांढरं डबीएवढं घड्याळ. प्लगात खोचायचं, काटा लावून ठेवायचा, म्हंजे शुक्रवारी दिवा आपोआप लागतो आणि आपोआप बंद होतो, कोणी हात लावायला नको. तो बोलला, तिकडं घरोघरी असतं, तिकडं तुला कोणाची गरज लागणार नाय आयी. काकीनं ते घड्याळ उलटं सुलटं करून बघितलं आणि बोलली, भारी हाय. ह्याला भीती वाटते का? डॅनियल बोलला, घड्याळाला कशी वाटेल? काकी बोलली, तेच तर विचारते.

शुक्रवार आला. डॅनियलनं घड्याळ लावलं, बल्ब जोडला, काटा फिरवला आणि बोलला, आता बघ गंमत. काकीनं तेलाचा दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. बाहेर मावळलं. तेलाचा दिवा तेवढा काजव्याएवढा, खोलीत अंधार वाढत चालला, डॅनियल बल्बाकडं टक लावून बसलेला, हे काकीनंच मला नंतर सांगितलं. आता लागेल, मग लागेल. कुठला लागतोय, अख्ख्या आळीची लाईट गेलेली! भिंतीपलीकडनं मला डॅनियलचं वरडणं ऐकू आलं, अरे देवा, अजून तसंच हाय का इकडं! आणि थोड्या वेळानं वाऱ्याची झुळूक आली तसा काजवा पण गेला.

मी पोरीला कडेवर घेतलं आणि उंबऱ्यात जाऊन उभी ऱ्हायले. 

काकीनं विचारलं, भ्यालीस?

 बाहेर बेडूक वरडतायत, आत डॅनियल ऐकतोय. पोरगी माझ्या मंगळसूत्राशी खेळतेय. मी बोलले, नाय काकी. नाय भ्याले. माझी भीती गेली गो. मी ती आणायला माहेरी पण जाऊन आले, पण नाय मिळाली. एवढं बोलले आणि मला रडूच आलं.

 मला वाटलं, झालं, आता पेट्या भरतील. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखाच खवट. बोलली, भ्याली नायस तर आलीस कशाला?

मी बोलले, तुला बघायला.

बोलली, दिसतेय का मी?

मी बोलले, नाय ना. काळोख हाय. नाकाचा शेंडा पण दिसत नाय.

काकी बोलली, मग दिसायला पायजे कोणाला, मला की तुला?

मी बोलले, मला. मला बघायचंय तुला. तू इथं हायस हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाय.

काकी बोलली, मग मला काय विचारतेस मेले, तुझं तू बघ.

मी रडत रडत कंदील लावला.  उजेड पडला तर काकी हसतेय, गालावरनं पाणी, आणि डॅनियल डोकं धरून बसलेला. तो बोलला, वहिनी, आयी मला पण लहानपणी हेच विचारायची, भ्यालास? मी भ्यालो म्हटलं की बोलायची, मग इकडं ये, आणि आम्ही अंधारातच एकमेकांना धरून बसायचो. मग काय त्याच्या डोक्यात आलं कोण जाणे, शिकलेला माणूस तो, बोलला, पण आयी, तू कंदील मावळायच्या आधीच लावून ठेवलास तर? सगळी रात्र जळेल. कोणाला भ्यायला नको, कोणी यायला नको.

मला वाटलं आता रॉकेल निघणार. पण काकी एकदम साधेपणानं बोलली. लावला असता रे. मग ही आली असती का?

बघा म्हंजे! एवढी वर्षं मला वाटत व्हतं मी भित्री म्हणून काकीकडं धावतेय, आणि ती बाई मुद्दाम अंधार करून माझी वाट बघत बसायची. मी बोलले, काकी, आणि ते रेशनचं रॉकेल? काकी बोलली, दोन डबे भरलेत मागच्या खोलीत. डॅनियल एवढा हसला की बाकावरनं घसरला. पोरगी दचकून रडायला लागली, सगळं घर आवाजानं भरलं, आमचे हे शिफ्टवरनं आले ते आधी इकडंच धावत आले, त्यांना वाटलं कोण पडलं की काय.

डॅनियल आयीला न घेताच गेला. जायच्या आधी त्यांनी घरात मलिदा केला, एलिया नबीच्या, म्हंजे त्यांच्या प्रेषिताच्या नावानं, पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, आणि प्रार्थना झाल्यावर पहिलं ताट माझ्या हातात दिलं. आळीतल्या सगळ्या बायका आल्या. स्टँडवर मी सोडायला गेले तेव्हा डॅनियल बोलला, वहिनी, आयीला सांभाळा. मी बोलले, तीच मला सांभाळते, तुम्ही रिबेकाताईला सांभाळा. ते घड्याळ तो ठेवून गेला. प्रणालीनं ते कधीच उघडून चाकं बाहेर काढली.

आता प्रणाली शाळेत जाते. आमच्या ह्यांची शिफ्ट तशीच हाय. काकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, तिला कंदील लावला काय आणि नाय लावला काय, धूसरच. ऑपरेशनला चल म्हटलं की बोलते, काय बघायचं ऱ्हायलंय, तुझं तोंड पाठ हाय मला. पण शुक्रवारी लाईट गेली की मी अजून उंबऱ्यात जाते. आता काकी भ्यालीस म्हणून नाय विचारत. आता नुसतं विचारते, आलीस? मी बोलते, आले. मग मी माझ्यासाठी कंदील लावते आणि सांगते, दिसलीस गो काकी. ती बोलते, मग झालं तर.

आज शुक्रवारच हाय, म्हणून मी मघापासनं खिडकीकडं बघतेय. तुम्ही पण निघा आता, पुलावर अंधार असेल आणि तुमच्याकडं बॅटरी दिसत नाय. पण भिऊ नका, नुसती ओऽऽ म्हणून हाक घाला, रोह्याकडचा नायतर अष्टमीकडचा कोण ना कोण उलट हाक देईलच. आणि माझ्याकडनं आशीर्वाद म्हणून एवढंच घ्या, की जिथं हाक घालाल तिथं तुम्हाला ओ मिळो. जा, सांभाळून जा, मला पण आता भिंतीपलीकडं जायला पायजे.